चंद्रीची अट

फुलेवाडीत बाळासो चौगुलेची मिशी सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी त्यानं तालमीत माती अंगाला लावली होती आणि त्या जोरावर तो पंचेचाळिशीतही छाती पुढं काढूनच चालायचा. रतीब घालायला निघाला तरी थाट असा, की बघणाऱ्यानं बाजूला होऊन वाट द्यावी. आणि अशा या पैलवान गड्याला घरची म्हैस धार काढू देत नव्हती. गल्लीत हे कुणाला कळू नये म्हणून तो फार जपायचा.

म्हशीचं नाव चंद्री. ती जन्मली तेव्हाच तिची आई गेली, आणि बाळासोच्या बायकोनं, वर्षाराणीनं, तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. त्यामुळं चंद्रीच्या लेखी जगात माणूस एकच. वर्षाराणी कासेखाली बसली की ती लगेच पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की दूध वर चढवून, डोळे मिटून, रवंथ करत उभी. बाळासोनं एकदा जबरदस्ती करून बघितली. त्या दिवशी बादली एकीकडं गेली आणि बाळासो शेणात. तेव्हापासून 'धार काढणं बायकांचं काम' असं तो गल्लीत मोठ्या आवाजात सांगायला लागला.

आणि मग वर्षाराणीनं कॉलेजात नाव घातलं.

बारावी झाल्या झाल्या तिचं लग्न झालं होतं. लग्न ठरवताना बाळासोचे वडील सुपारी फोडता फोडता म्हणाले होते, "शिकवू की फुडं, त्यात काय." सुपारी संपली आणि त्या बोलण्याचाही विषय तिथंच संपला. आता लेक अनुजा पुण्याला नोकरीला लागली. जाताना तिनं आईला हाताला धरून सकाळच्या कॉलेजात नेलं आणि बी.ए.ला बसवूनच गाडीत पाय ठेवला.

"आता शिकून काय कलेक्टर हुतीयास?" बाळासोनं विचारलं होतं.

"न्हाय. बी.ए. हुते," वर्षाराणी म्हणाली. "आन ऐका. माझ्या कॉलेजापायी घरातलं एक जरी काम अडलं, तर त्या दिवशी पुस्तकं माळ्यावर. मला कुणाचं बोलणं ऐकून घ्यायचं न्हाय."

वर्षाराणी फार बोलायची नाही, पण बोलली की तसं करायची. बाळासोला हे चांगलं माहीत होतं. तेव्हा त्याला वाटलं, पावसाळ्यातच पुस्तकं माळ्यावर जातील, आपण कशाला वाईट व्हा.

पावसाळा गेला आणि पुस्तकं काही माळ्यावर गेली नाहीत, कारण चंद्री तेव्हा आटलेली होती. दसरा झाला, चंद्री व्याली. वर्षाराणीनं पहिल्या चिकाचा खरवस केला आणि डबा भरून कॉलेजात घेऊन गेली. दुपारी घरी आली ती हसतच.

"अवं, राजवर्धन सर हायत न्हवं आमचं, राज्यशास्त्र शिकवत्यात ते. नवीन हायत, लई बारीक हायत. थंडी पडायच्या आदीच नाकापतोर मफलर. मला म्हणत्यात, 'ताई, तासाला खाणं शिस्तीत बसत नाही.' मी म्हटलं, सर, गार झाल्याव खरवस बी शिस्तीत बसत न्हाय. तर त्यांनी दार लावून घेतलं आन डब्याच्या झाकणात घेऊन पयला त्यांनीच खाल्ला. ती मुबशिरा हाय न्हवं, माझ्या बाकावर बसती ती, ती म्हणाली, काकू, रोज येत जावा."

एवढं सांगून ती पुन्हा हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाळासो हातातला घास तसाच धरून बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला हसताना पाहिलं होतं, पण असं नाही. त्याला ते आवडलं, आणि आपल्याला आवडलं याचा थोडा रागही आला.

मग थंडी पडली. रंकाळ्याच्या पाण्यावर सकाळी धुकं बसायला लागलं, उसाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि घराघरातून माणसं कानाला गुंडाळून बाहेर पडू लागली. कॉलेज साडेसातचं. चंद्रीची धारेची वेळही तीच. वर्षाराणी आधी उठून बसायला लागली, पण चंद्री वेळेची पक्की. वेळेआधी तिनं निम्मंच दूध द्यावं आणि उरलेलं वर्षाराणी गेल्यावर अंगातच ठेवून घ्यावं. रतीब कमी पडायला लागला. गिऱ्हाइकं किटलीत वाकून बघू लागली.

समोरच्या घरात ज्ञानू राहायचा. त्याचाही दुधाचाच धंदा, आणि बाळासोचं कुठं काय कमी पडतंय यावर त्याचं लक्ष स्वतःच्या गोठ्यापेक्षा जास्त.

"काय बाळासो," ज्ञानू रस्त्यावरनं ओरडला, "चंद्री बी कॉलेजला जाती काय? दूध कुठं दिसंना!"

बाळासोनं मिशीवर ताव दिला आणि किटली उचलून चालू लागला. घरात वर्षाराणीनं ते ऐकलं. संध्याकाळी तिनं पुस्तकं जुन्या टॉवेलात बांधली, स्टुलावर चढली आणि माळ्यावर ठेवली. खाली उतरून भाकऱ्या थापायला बसली.

त्या दिवशी जेवताना घरात कुणी हसलं नाही. राजवर्धन सरांचं काही निघालं नाही, मुबशिराचं नाही. बाळासोला भाकरी गोड लागेना. खरं म्हणजे त्याच्या मनासारखं झालं होतं. तरी त्याला आतून कसंतरीच होत होतं, आणि ते कुणाला सांगायचं हेही कळत नव्हतं. शेवटी तो आईकडं गेला.

झुंबरबाई अंगणात शेकोटीला बसली होती. वय झालं तरी तिचा आवाज गल्लीच्या तोंडाला ऐकू जायचा.

"आई, चंद्रीला काय करू?"

"वर्षाची साडी नेस."

"आं?"

"साडी नेस म्हणते. तिच्या अंगाचा वास हाय न्हवं साडीला. म्हशीला दुसरं काय कळतंय? डोक्याव पदर घे आन बस कासंखाली."

"आई, मी? साडी?"

"का? तुझा बा न्हाय व्हय नेसला? तुझ्या बाळंतपणाला मी म्हायेरला गेलते, तवा रोज माझं लुगडं गुंडाळून धार काढायचा."

बाळासोनं मागं वळून उघड्या दारातून आतल्या भिंतीकडं बघितलं. तिथं वडलांचा फोटो होता. फेटा, हातात जिंकलेली ढाल, मिशी बाळासोपेक्षा दुप्पट. त्या फोटोला तो रोज सकाळी नमस्कार करत होता.

"बा?" तो एवढंच म्हणाला.

"हिरवं लुगडं. त्याला लई शोभायचं," झुंबरबाई म्हणाली आणि शेकोटीत काटकी सारली.

दुसऱ्या दिवशी बाळासोनं माळ्यावरचं गाठोडं खाली काढून वर्षाराणीपुढं ठेवलं.

"जा कॉलेजला. चंद्रीला मी वळण लावतो."

"तुमी?"

"व्हय, मी. म्हशीला काय, जरा धाक लागतो. आन ही जांभळी साडी धुयाला टाकू नगंस."

"का?"

"पाणी येत न्हाय नीट," बाळासो म्हणाला आणि पटकन बाहेर गेला. नळाला पाणी धो धो चालू होतं.

वर्षाराणी कॉलेजला गेली. बाळासोनं गोठ्याचं दार आतून लावलं, खिडकीवर पोतं टांगलं. झुंबरबाईनं त्याला साडी नेसवली. पोट आडवं येत होतं, निऱ्या बसत नव्हत्या, आणि तिची बडबड चालूच होती, "हालू नगंस रं, लहानपणी चड्डी घालतानाबी असंच करायचास." डोक्यावर पदर आला. बाळासो बादली घेऊन कासेखाली बसला. चंद्रीनं मान वळवली. साडी हुंगली. मग वर बघितलं, आणि तिची नजर मिशीवर येऊन थांबली. बाळासोनं पदर ओढून दातांत धरला. चंद्रीनं जरा विचार केला, उसासा टाकला आणि पान्हा सोडला.

बादलीत धार वाजली तेव्हा बाळासोला इतका आनंद झाला, की कुस्ती मारल्यावर माणूस मांडीवर थाप मारतो तशी मारायला त्यानं हात उचलला होता. झुंबरबाईनं तो वरच्या वर धरला.

झालं, रतीब पुन्हा पुरा पडू लागला. घरी पुन्हा कॉलेजच्या गोष्टी यायला लागल्या. बाळासो म्हणायचा, "चंद्री आता माझ्या धाकात हाय." झुंबरबाई भाकरी चावत गप्प बसायची. गिऱ्हाइकांना मात्र गोठ्यापर्यंत यायची बंदी झाली. "म्हशीला नजर लागती," असं बाळासो सांगायचा, आणि दार उघडायच्या आधी साडी वैरणीखाली दडवायचा.

पण परीक्षा जवळ आली आणि नवीनच लचांड उभं राहिलं. वर्षाराणीला अभ्यासाला वेळ मिळेना. मग ती संध्याकाळच्या धारेला बसली की तोंडानं पाठांतर करायला लागली. चंद्रीला ते फार आवडलं. इतकं, की एका सकाळी बाळासो जांभळ्या साडीत कासेखाली बसला आणि चंद्रीनं दूध सोडायला साफ नकार दिला. ती मान वळवून वाट बघत राहिली.

"ती कायतरी म्हणत असती बघ रोज," झुंबरबाई म्हणाली. "राज्य का काय. ते म्हण."

बाळासोनं आधी युक्ती करून बघितली. बायको पाठांतर करत असताना गुपचूप मोबाईलवर आवाज भरून घेतला आणि सकाळी मोबाईल बादलीशेजारी ठेवून लावला. चंद्रीनं आवाज ऐकला, मोबाईलकडं बघितलं आणि लाथ घातली. मोबाईल शेणातून धुऊन काढावा लागला. मग मात्र दुसरा इलाज उरला नाही. शाळेतून पळून तालमीत जाणारा बाळासो या वयात राज्यशास्त्राचं पुस्तक गोठ्यात गव्हाणीवर उघडून बसला.

"राज्याचे घटक चार," तो साडीचा पदर सावरत म्हणायचा. "लोकसंख्या. भूप्रदेश. शासनसंस्था. सार्वभौमत्व." आणि बादलीत धार सुरू व्हायची. हळूहळू चंद्रीला लोकशाहीची वैशिष्ट्येही लागायला लागली. नागरिकत्वावर तिनं कधी फारसं दूध दिलं नाही.

एका सकाळी राजवर्धन सरांना सर्दीनं धरलं आणि तास झाला नाही. वर्षाराणी लवकर परतली. गोठ्याचं दार कडीनं नीट लागलं नव्हतं. तिनं ढकललं. समोर तिचा नवरा. अंगावर तिची जांभळी साडी, डोक्यावर पदर, पदराखाली मिशी, गुडघ्यांत बादली. तो तालावर म्हणत होता, "राज्याचे घटक चार. लोकसंख्या. भूप्रदेश. लोकशाही..."

बाळासोची आणि तिची नजरानजर झाली. त्याचे हात थांबले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

वर्षाराणीनं पुस्तकं छातीशी धरली. "तिसरा घटक चुकला," ती म्हणाली. "शासनसंस्था म्हणा."

मग ती उंबऱ्यातच बसली. हसता हसता तिला श्वास घेता येईना. बाळासोला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग तोही हसायला लागला. चंद्रीला हा गोंधळ पसंत पडला नाही. तिनं दूध वर चढवलं.

हसणं थांबल्यावर वर्षाराणीनं डोळे पुसले आणि विचारलं, "इतके दिवस?"

"तू पुस्तकं माळ्याव टाकलीस, तवापासनं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्या दिवशी त्याच्या ताटात तिनं न मागता दोनदा लोणी वाढलं.

खरी पंचाईत पुढंच होती. दिवाळीच्या गप्पांत बाळासोनं ज्ञानूच्या नाकावर टिच्चून चंद्रीचं नाव म्हशींच्या दूध स्पर्धेत घातलं होतं. दर हिवाळ्यात शेतकी प्रदर्शनात ती स्पर्धा व्हायची. मैदानात म्हशी उभ्या करायच्या, सगळ्यांसमोर धार काढायची, जिचं दूध जास्त तिला ढाल. धार वर्षाराणी काढणार, हे धरूनच चाललं होतं. आणि परीक्षेचं वेळापत्रक लागलं. राज्यशास्त्राचा पेपर नेमका त्याच सकाळी.

"मी पेपर देत न्हाय," वर्षाराणी सहज म्हणाली. ती चुलीवरची भाकरी उलटत होती. "फुडल्या वर्षी देईन. तुमी किती दिवस चंद्रीला खुराक घालताय."

ती रडून म्हणाली असती तर बाळासोला बरं वाटलं असतं. पण ती अशी म्हणाली, की जणू जन्मभर तिला हेच करायची सवय होती. आणि होतीच, हे बाळासोला त्या क्षणी कळलं.

"स्पर्धाच सोडूया की," तो म्हणाला. "गेली उडत ढाल."

"ते जमायचं न्हाय. माझ्या कॉलेजापायी घरातलं काय बंद पडलं, असं मला नगं. तुमी स्पर्धा सोडली तर मी पेपराला बसायची न्हाय. आन मग कॉलेजबी नगं."

ती पुन्हा भाकरीकडं वळली. तिचं ठरलेलं होतं, आणि ती अट बाळासोला पहिल्या दिवसापासून माहीत होती. गोठ्यात पोतं टांगून साडी नेसणं निराळं. भर मैदानात, अख्ख्या जिल्ह्यासमोर, ज्ञानूसमोर?

"तू पेपराला जा," तो म्हणाला. "चंद्रीचं मी बघतो."

"अवं, पण तिथं..."

"बघतो म्हटलं न्हवं!"

स्पर्धेच्या दिवशी मुबशिरा आपली स्कूटी घेऊन आली आणि वर्षाराणीला परीक्षेला घेऊन गेली. बाळासोनं चंद्रीला टेम्पोत चढवलं, आईला पुढं बसवलं आणि जांभळी साडी कापडी पिशवीत कोंबून पिशवी सीटखाली सारली. ती बाहेर काढायची वेळ येऊ नये म्हणून त्यानं वाटेत जोतिबाला हात जोडून सांगून बघितलं.

मैदानावर धुकं अजून हटलं नव्हतं. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला. आल्यावर त्यांनी भाषण केलं, मग त्यांच्यासोबत आलेल्यांनीही केलं. म्हशी कासा भरून ताटकळल्या. बाळासो फाटकाकडं बघत होता. पेपर सुटून वर्षाराणी इतक्यात आली, तर सगळंच सुटलं. पण भाषणं संपली, शिट्टी वाजली, आणि फाटकातून कुणीही आलं नाही.

दोन्ही बाजूंनी बादल्या वाजायला लागल्या. हुपरीच्या एका माणसाची म्हैस तर नळ सोडल्यासारखी सुटली होती. ज्ञानूही जोरात होता. बाळासो कासेखाली बसला. चंद्रीनं डोळे मिटले आणि रवंथ सुरू केला. बाळासोनं कास धुतली, चोळली, गोंजारली. हळूच "राज्याचे घटक चार" म्हणून बघितलं. चंद्रीनं एक कान हलवला, बस्स.

"चौगुले पावणं!" माईकवरचा माणूस ओरडला. "बादली कोरडी दिसती! म्हैस तुमचीच हाय न्हवं?"

लोक हसले. ज्ञानू धार न थांबवता म्हणाला, "वयनींना बोलीव की बाळासो! का त्या पेपर लिवायला गेल्यात?"

बाळासोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला उठून जावंसं वाटलं. चंद्रीला दावं लावून, टेम्पोत घालून, सरळ घरी. पण मग वर्षाराणी येईल. ही कोरडी बादली बघेल. काही म्हणणार नाही. घरी जाऊन स्टुलावर चढेल.

"आई," तो म्हणाला, "पिशवी आण."

झुंबरबाईनं मैदानाच्या मधोमध लेकाला साडी नेसवली. पहिल्यांदा कुणाला काय चाललंय ते कळलं नाही. कळलं तेव्हा जो हशा उठला, त्यानं चार म्हशी बिचकल्या. मोबाईल वर झाले. "अरारारा!" माईकवरचा माणूस ओरडला. "नाद खुळा! मैदानात पैलवान वयनी आल्या, टाळ्या वाजवा!"

झुंबरबाईनं निऱ्या खोचल्या आणि गर्दीकडं वळली. तिला माईकची गरज नव्हती.

"दात काय काढताय रं? तुमच्या घरात धार कोण काढतंय? तुमच्या बायकाच न्हवं? त्या म्हायेरला गेल्याव म्हशी धारेबिगर उभ्या ठेवता व्हय? सांगा की! कोण कोण नेसलंय, वर करा हात!"

हशा थोडा विरला. मागून एक फेटेवाला म्हातारा खाकरला. "म्या नेसलोय बाबा दोनदा," तो म्हणाला. "खोटं कशाला बोला." त्याच्या शेजारचा माणूस एकदम आभाळाकडं बघायला लागला. आणखी दोघांनी टोप्या नीट केल्या.

बाळासोनं तिकडं बघितलंच नाही. त्यानं पदर डोक्यावर घेतला, कासेखाली बसला आणि डोळे मिटून घेतले. "राज्याचे घटक चार," तो मोठ्यानं म्हणाला. लपवायला आता उरलंच काय होतं? "लोकसंख्या! भूप्रदेश! शासनसंस्था! सार्वभौमत्व!"

चंद्रीनं साडी हुंगली, उसासा टाकला आणि पान्हा सोडला.

माईकवाला गप्प झाला. बादलीत फेस चढू लागला. घटक संपले, बाळासो लोकशाहीवर आला. प्रौढ मताधिकार झाला, नियमित निवडणुका झाल्या. त्याचे हात भरून आले होते, पण तालमीत कमावलेले हात आता कुठं कामाला येत होते. आणि त्यानं डोळे उघडले तेव्हा गर्दीच्या पुढच्या रांगेत वर्षाराणी उभी होती.

गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र तसंच. शेजारी मुबशिरा, तिचं तोंड उघडं ते उघडंच. "काकू," ती कुजबुजली, "ते काका हायत का?" वर्षाराणी हाक मारायला तोंड उघडणार होती, पण तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. चंद्रीनं तिचा खरा आवाज ऐकला असता, तर या खोट्या वर्षाराणीला एक थेंब मिळाला नसता.

बाळासोला राहवेना. त्याला विचारायचं होतं आणि थांबताही येत नव्हतं. त्यानं चाल न मोडता विचारलं.

"राज्याचे घटक चार," तो तालात म्हणाला. "लोकसंख्या, भूप्रदेश, पेपर कसा गेला, शासनसंस्था, सार्वभौमत्व!"

वर्षाराणीनं मान हलवली. जोरात, दोनदा. मग एका हातानं पदर तोंडावर धरून तिनं दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली. चार घटकांचाच प्रश्न आला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसून येत होतं का कशानं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाळासोचे हात मग असे चालले, की शिट्टी वाजली तरी त्याला कळलं नाही.

दूध मोजलं. ढाल हुपरीच्या माणसाला गेली. ज्ञानूची म्हैस कुठं बसली, ते कुणी विचारलंही नाही, आणि तो स्वतःहून सांगणार नव्हता. माईकवरचा माणूस ओरडला, "दुसरा नंबर! फुलेवाडीचं बाळासो चौगुले आन त्यांची चंद्री!"

बाळासो साडीतच मंचावर चढला. निऱ्या एका हातात धराव्या लागल्या. प्रमुख पाहुण्यांनी हार घातला, तो पदरात अडकला.

"पावणं, नाव चुकलंय," बाळासो माईकवाल्याला म्हणाला.

"का? बाळासो चौगुलेच न्हवं?"

"न्हाय. लिवा. वर्षाराणी बाळासो चौगुले. बी.ए. भाग एक."

"मग तुमी कोन?"

"मी बदली हाय," बाळासो म्हणाला. "त्या कॉलेजला गेल्या की मी असतो."

मैदानात पुन्हा हशा पिकला, आणि या खेपेला त्यात बाळासोही होता. वर्षाराणी मात्र हसली नाही. ती गर्दीतून वाट काढत मंचावर गेली आणि सगळ्यांदेखत तिनं नवऱ्याच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला.